संपन्न राज्य, बाहेरची मदत आणि मुसीचा पूर

नैसर्गिक आपत्तीनंतरची परदेशी मदत गरीब देशांनी घ्यायची आणि श्रीमंत देशांनी द्यायची असते, हा समज सार्वजनिक चर्चेत इतका रुळला आहे की एखाद्या संपन्न देशात भूकंप किंवा पूर आला म्हणजे त्याला मदत कशाला हवी असा प्रश्न लगेच उठतो, आणि एखाद्या प्रगत होऊ पाहणाऱ्या देशाने मदत नाकारली की ती त्याच्या वाढत्या सामर्थ्याची खूण मानली जाते. या समजाची पारख करण्यासाठी हैदराबादइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत संस्थानाची राजधानी असताना या शहराने एक भीषण पूर सोसला. त्याच संस्थानात पूर्वी मोडणाऱ्या मराठी मुलखात पुढे किल्लारीचा भूकंप झाला. हिंदी महासागराच्या काठच्या देशांना त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र आज याच शहरात आहे. आणि देशातील विमा व्यवसायाचे नियमन करणारे प्राधिकरणही येथूनच चालते. या गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तर असे दिसते की संपन्न राज्यालाही बाहेरची मदत लागते, मात्र ती दानाच्या रूपात क्वचितच लागते, आणि आपत्तीपूर्वी ठरवून ठेवलेली असेल तेव्हाच ती पुरती उपयोगी पडते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेला पूर हे या विवेचनाचे मूळ उदाहरण. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावणारी ही नदी एरवी शहरातून क्षीण प्रवाहाने वाहते, परंतु त्या सप्टेंबरात शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या पाणलोट क्षेत्रात, म्हणजे ज्या भूभागावर पडलेले पाणी शेवटी एकाच नदीत उतरते त्या क्षेत्रात, सुमारे ८६० चौरस मैलांवर ७८८ तलाव होते. हे तलाव एकाखाली एक अशा साखळीने बांधलेले असल्यामुळे वरच्या तलावाचा बांध फुटला की त्याचे सारे पाणी खालच्या तलावावर आदळत असे. अशा रीतीने २२१ तलाव फुटले आणि पावसाच्या पाण्याला तलावांतील साठ्याची जोड मिळून लोंढा शहरावर आला. अफझल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तीन पूल वाहून गेले. सोळाव्या शतकातला पुराना पूल तेवढा टिकला. अफझलगंज आणि कोळसावाडी हे भाग उद्ध्वस्त झाले, सुमारे १९,००० घरे पडली, सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली, आणि मृतांचा आकडा साधारणपणे १५,००० इतका मानला जातो. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरात गेली. ते एकटे वाचले.

या वेळी हैदराबादच्या गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते आणि महाराजा किशन प्रसाद हे दिवाण होते. संस्थानाला स्वतःचे नाणे होते, स्वतःचे टपाल आणि सैन्य होते. बेघरांसाठी अन्नछत्रे उघडणे, घरबांधणीला पैसा देणे या गोष्टी खजिन्याच्या आवाक्यात होत्या आणि त्या झाल्या. नागरिकांनीही मदतकार्याचा भार उचलला. सरोजिनी नायडू यांना ब्रिटिश सरकारने दिलेले कैसर-ए-हिंद पदक याच काळातील सेवेसाठी होते, आणि जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर त्यांनी ते परत केले. तेव्हा पैसा, धान्य आणि सेवाभाव यांपैकी कशाचीही मोठी उणीव हैदराबादला नव्हती. उणीव होती ती असा पूर पुन्हा येऊ नये यासाठी नदीचे काय करायचे हे सांगू शकणाऱ्या ज्ञानाची.

हे ज्ञान संस्थानाच्या बाहेरून आले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे जन्माने म्हैसूर संस्थानातले असले तरी त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले होते, त्यांची नोकरी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात झाली होती, आणि खडकवासला धरणावर त्यांनी बसवलेल्या स्वयंचलित दारांमुळे त्यांचे नाव झाले होते. निजाम सरकारने त्यांना बोलावले तेव्हा ते युरोपच्या प्रवासात होते. एप्रिल १९०९ मध्ये त्यांनी काम सुरू केले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात अहवाल दिला. शहराला भिंती घालून वाचवण्यापेक्षा शहराच्या वर मुसीवर आणि तिची उपनदी ईसा हिच्यावर पूररोधक जलाशय बांधावेत, म्हणजे लोंढा तेथेच अडवून नंतर बेताबेताने सोडता येईल, असा त्या अहवालाचा मुख्य सल्ला होता. त्यानुसार १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले, मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, ईसावरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला, आणि पूर अडवण्यासाठी बांधलेल्या या जलाशयांनी शहराला पिण्याचे पाणीही पुरवले.

या व्यवहाराचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. विश्वेश्वरय्यांनी दान दिले नाही आणि निजाम सरकारने दान घेतले नाही. एका राज्याने आपल्याकडे नसलेली एक नेमकी गोष्ट बाहेरून मागवली, तिचे मोल दिले आणि ती आपल्या खजिन्याच्या बळावर प्रत्यक्षात उतरवली. श्रीमंती येथे दोन ठिकाणी कामी आली: योग्य माणूस शोधून त्याला निमंत्रण देता आले, आणि त्याचा सल्ला कागदावर न राहता दगडचुन्यात उभा राहिला. मात्र हीच श्रीमंती १९०८ पूर्वी शेकडो तलावांच्या बांधांची देखभाल करण्यासाठी, नदीकाठची वस्ती हलवण्यासाठी किंवा वरच्या गावांतून शहराला वेळेवर खबर पोचवण्यासाठी वापरली गेली नव्हती, आणि म्हणून सर्वांत श्रीमंत संस्थानाच्या राजधानीत इतकी माणसे एका दिवसात बुडाली. राज्याची संपत्ती आणि आपत्तीच्या वाटेत राहणाऱ्या माणसाची संपत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोळसावाडीच्या मातीच्या घरांनी दाखवून दिले.

हाच भेद देशादेशांतही दिसतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या मागोमाग आलेल्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि अधिकृत मोजणीनुसार सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेच्या लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज या भागात ६.७ तीव्रतेचा, म्हणजे किल्लारीपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा सोडणारा, भूकंप दाट वस्तीखाली झाला आणि त्यात सुमारे ६० माणसे दगावली. आर्थिक नुकसान मात्र २० अब्ज डॉलरहून अधिक झाले. निसर्ग श्रीमंतांना सूट देत नाही. फरक बांधकामाचा असतो. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या गावांत दोन-तीन फूट जाडीच्या, मातीच्या गिलाव्यात रचलेल्या दगडी भिंती होत्या आणि त्यांवर उन्हापासून बचाव करणारे मातीचे जड माळवद होते; झोपेत असलेल्या माणसांवर ते सारे एकदम कोसळले. नॉर्थरिजमधील लाकडी सांगाड्याची घरे हलली, वाकली, पण बहुतेक ठिकाणी आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळाला. श्रीमंत देशात आपत्तीची किंमत मुख्यतः पैशात चुकवली जाते, गरीब प्रदेशात ती प्राणांत चुकवावी लागते. आणि प्राणहानी टाळण्याची संधी आपत्तीनंतर येणाऱ्या कोणत्याही मदतीला फारशी मिळत नाही, कारण ढिगाऱ्याखालून जिवंत निघणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्या दिवसाच्या आत शेजारीपाजारीच बाहेर काढतात.

किल्लारीच्या वेळी भारताने परदेशी मदत मोकळेपणाने स्वीकारली. जागतिक बँकेने सुमारे २४.६ कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज दिले, म्हणजे नाममात्र दराने आणि दीर्घ मुदतीत फेडायचे कर्ज. ब्रिटनसारख्या देशांनी आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने तांत्रिक साहाय्य दिले. आणि त्यातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतर गावांतील अंदाजे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी मालकांनाच पैसे देण्यात आले. या दुसऱ्या भागाचे मोल पहिल्यापेक्षा अधिक मानावे लागेल. देणगीदारांच्या कल्पनेतून आखलेल्या सरळ रस्त्यांच्या वसाहतींत गुरांना, वैरणीला आणि भाऊबंदांच्या शेजाराला जागा उरली नाही; याउलट ज्या गावांत बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून बांधकामाची माहिती शिकून घेतली आणि घरोघर समजावून सांगितली, तेथे ज्ञान गावात राहिले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने संघटित केलेल्या याच मराठवाड्यातील स्त्रिया २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातमधील स्त्रियांना घरबांधणीचे धडे द्यायला गेल्या. ज्यांच्या घरी आठ वर्षांपूर्वी मदत आली होती, त्या आता मदत घेऊन दुसऱ्याच्या दारी उभ्या होत्या, आणि त्यांनी नेलेली मदत पैशाची नव्हती.

किल्लारीच्या भूकंपाचे शास्त्रीय कोडे सोडवण्याचे काम मात्र मोठ्या प्रमाणात हैदराबादेत झाले. दख्खनचे पठार हा स्थिर खंडीय प्रदेश, म्हणजे भूपट्टांच्या कडांपासून दूर असलेला आणि म्हणून भूकंपांपासून बराच सुरक्षित समजला जाणारा प्रदेश, असे मानले जात असल्याने किल्लारीची घटना अनपेक्षित होती. येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीजवळ खोल वेधनविहीर घेऊन तीनशेहून अधिक मीटर जाडीच्या बेसॉल्ट खडकाखालच्या प्राचीन खडकांपर्यंत मजल मारली. देशाकडे स्वतःचे शास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळा असणे हा संपन्नतेचाच एक प्रकार आहे आणि बाहेरून आलेल्या सल्ल्याची पारख करण्याची ताकद त्यातूनच येते.

मदतीने अपायही होतो, असे सांगणारा एक विचारप्रवाह अर्थशास्त्रात आहे. जेम्स बुकॅनन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘दयाळू माणसाच्या पेचा’नुसार मदत नक्की येणार अशी खात्री असलेला माणूस स्वतःची काळजी घेण्यात कुचराई करतो, आणि हे ठाऊक असूनही दयाळू माणसाला त्याला वाऱ्यावर सोडवत नाही. हा युक्तिवाद सरकारांना आणि मोठ्या विकासकांना बऱ्याच अंशी लागू पडतो. किल्लारीच्या शेतकऱ्याला तो लागू पडत नाही, कारण जागतिक बँक येईल या भरवशावर कोणी आपल्या लेकरांवर मातीचे माळवद चढवत नाही. गरीब माणसाला मदत देताना या पेचाचा धाक घालणे अन्यायाचे आहे. नदीपात्रात इमारतींना परवानगी देणाऱ्या श्रीमंत राज्यांना मात्र तो आवर्जून ऐकवावा.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारताची भूमिका बदलली. तोपर्यंत, म्हणजे १९९३ च्या किल्लारीपासून २००१ च्या कच्छपर्यंत, परदेशी सरकारांची मदत घेतली जात असे. त्सुनामीनंतर तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या सरकारने परिस्थिती स्वबळावर हाताळता येईल असे सांगून ती नम्रपणे नाकारली, आणि त्याच वेळी भारतीय नौदलाची जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे मदत घेऊन गेली. हा निर्णय स्वाभिमानाचा होता आणि बऱ्याच अंशी योग्यही होता, कारण धान्य, कपडे, तंबू या गोष्टी देशात मुबलक होत्या. नागपट्टिणमच्या रस्त्यांवर कोणालाही नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग साचले होते. तथापि त्या नकाराची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी: पुनर्बांधणीसाठी जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांची कर्जे पुढे घेतली गेलीच. नकार होता तो परदेशी सरकारांच्या तातडीच्या दानाला.

त्या सकाळी खरी उणीव दुसऱ्याच गोष्टीची होती. सुमात्राजवळचा भूकंप भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास झाला आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. परंतु हिंदी महासागरात त्सुनामी ओळखून इशारा देणारी यंत्रणाच नसल्याने हे दोन तास कोणाच्याच उपयोगी पडले नाहीत. ही त्रुटी भरून काढण्यासाठी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ऑक्टोबर २००७ मध्ये त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहरात समुद्रतळावरच्या दाबमापकांची, भरतीमापकांची आणि भूकंपमापन केंद्रांची माहिती अहोरात्र येत असते. समुद्रतळाचा दाबमापक म्हणजे वरून जाणाऱ्या पाण्याच्या वजनातला सूक्ष्म फरक टिपून लाटेची चाहूल देणारे उपकरण. २०११ पासून ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांच्याबरोबर भारत हिंदी महासागरातील इतर देशांनाही ही सेवा देत आहे. या कामात भारत एकाच वेळी दाता आणि याचक असतो, कारण इतर देशांतील भूकंपमापन केंद्रांची माहिती क्षणाक्षणाला मिळाल्याशिवाय हैदराबादचे केंद्र अचूक इशारा देऊ शकत नाही. कोणत्याही परदेशी मदतनिधीपेक्षा ही देवघेव अधिक जीव वाचवू शकते. तिला मदत म्हणायची सवय नसल्याने ती चर्चेत येत नाही, एवढेच.

अमेरिकेसारख्या सर्वांत श्रीमंत देशाला परदेशी दान स्वीकारण्याची वेळ आली तेव्हा काय झाले, हे २००५ च्या कट्रिना वादळात दिसले. न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेल्यावर जगभरातून सुमारे ८५ कोटी डॉलरच्या मदतीचे देकार आले, त्यांत कुवेतचे ५० कोटी डॉलरचे तेल व रोकड होती, बांगलादेशाचे १० लाख डॉलर होते, आणि भारताने ५० लाख डॉलर देऊन शिवाय हवाई दलाच्या विमानाने ताडपत्र्या, ब्लँकेटे आणि स्वच्छतेचे साहित्य आर्कन्सॉला पाठवले. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने पुढे या आपत्तीवर १०० अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. त्या मानाने ही मदत किरकोळ होती. तरीही ती नीट वापरली गेली नाही. आलेली रोकड कोणी आणि कशी खर्चायची याचा नियमच नसल्याने ती काही काळ बिनव्याजी खात्यात पडून राहिली, असे अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांनी नोंदवले. ब्रिटनने पाठवलेली तयार अन्नाची पाकिटे गोमांसाविषयीच्या आरोग्यनियमांमुळे गोदामात अडकली. क्यूबाने देऊ केलेले डॉक्टर नाकारले गेले. मदत घेण्यासाठीही यंत्रणा लागते, आणि आपण फक्त देणारे आहोत अशी खात्री असलेल्या देशाने ती कधी उभारलेली नसते.

जपानने हा धडा अनुभवातून घेतला होता. १९९५ च्या कोबे भूकंपाच्या वेळी परदेशी बचाव पथकांना परवानगी देण्यात झालेल्या दिरंगाईवर जपानमध्येच मोठी टीका झाली, आणि २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर तेथे परदेशी पथकांना तुलनेने लवकर बोलावले गेले. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ४६ जणांची तुकडी तेव्हा ओनागावा येथे गेली. या दलाची ती पहिलीच परदेशी मोहीम होती. तैवानच्या सामान्य नागरिकांनी मिळून २० अब्ज येनहून अधिक रक्कम दिली आणि मिनामिसानरिकू गावचे नवे रुग्णालय उभारण्यात त्या पैशाचा मोठा वाटा होता. जपान हे रुग्णालय स्वतःच्या पैशाने बांधू शकला नसता असे नाही. परंतु शेजाऱ्याने सुतकाच्या घरी नेलेला डबा भुकेच्या हिशेबाने मोजायचा नसतो, आणि दोन समाजांमध्ये अशा प्रसंगी जो जिव्हाळा निर्माण होतो त्याला राजनैतिक करारांतून पर्याय मिळत नाही.

तरीही श्रीमंत देशांना आपत्तीनंतर मिळणाऱ्या परदेशी पैशाचा सर्वांत मोठा प्रवाह यांपैकी कोणताच नसतो. तो पुनर्विम्याचा असतो. विमा कंपनी आपल्या ग्राहकांची जोखीम घेते आणि त्या जोखमीचा एक भाग दुसऱ्या, बहुधा परदेशी, कंपनीकडे हप्ता भरून सोपवते; या दुसऱ्या विम्याला पुनर्विमा म्हणतात. एकाच प्रदेशातली हजारो घरे एकाच दिवशी पडली तर स्थानिक विमा कंपनी बुडू शकते, म्हणून ही जोखीम म्युनिक, झुरिक, लंडन अशा केंद्रांमार्फत जगभर वाटली जाते. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप आणि आग यांनी बेचिराख केले तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी परदेशी सरकारांची मदत नाकारली, पण लंडनच्या लॉइड्सने विम्याचे दावे चुकते केले आणि त्या पैशाचा शहर उभारणीला उपयोग झाला. २०११ मध्ये न्यूझीलंडचे क्राइस्टचर्च हादरले तेव्हा बहुतांश नुकसान विम्याखाली होते आणि त्यातील मोठा भार परदेशी पुनर्विमा कंपन्यांनी उचलला. म्हणजे स्वावलंबी दिसणारे देशही आपत्तीनंतर परदेशी पैशावरच उभे राहतात. त्यांनी त्या पैशाचा हप्ता आधी भरलेला असतो, म्हणून तो हक्काने मागता येतो आणि त्यासाठी कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत.

भारतात घराचा पूर किंवा भूकंपाविरुद्ध विमा उतरवणारी कुटुंबे फार थोडी आहेत. विमा नियामक आणि विकास प्राधिकरण हैदराबादेत असूनही या शहरातल्या नाल्याकाठच्या वस्त्यांची स्थिती इतर शहरांहून निराळी नाही, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ती उघड झाली. शहराच्या पूर्वेकडे घटकेसर भागात एका दिवसात ३० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला, अतिक्रमणांनी आक्रसलेले तलाव भरून वाहिले आणि खालच्या वस्त्या बुडाल्या. एकाखाली एक असलेल्या तलावांची जी साखळी १९०८ मध्ये फुटली होती तशाच साखळ्यांमधल्या जोडवाटा आता इमारतींनी बुजल्या होत्या. तेलंगणा हे दरडोई उत्पन्नात देशातील आघाडीच्या राज्यांपैकी एक. तरी दिल्लीने १५ कोटी आणि तमिळनाडूने १० कोटी रुपये देऊ केले तेव्हा ते कृतज्ञतेने स्वीकारले गेले, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. राज्य सरकारने बाधित कुटुंबांना प्रत्येकी १०,००० रुपये दिले. ज्या घरात फ्रीज, गाद्या, शिलाई यंत्र आणि मुलांची पुस्तके एका रात्रीत गेली, त्या घराला ही रक्कम किती पुरणार हे सांगायला नको.

राज्याराज्यांतला हा सहजपणा देशादेशांत का नाही, हा प्रश्न २०१८ च्या केरळ पुराने विचारला होता. ४०० हून अधिक मृत्यू आणि पुनर्बांधणीची सुमारे ३१,००० कोटी रुपयांची गरज असताना संयुक्त अरब अमिरातींकडून ७०० कोटी रुपये मिळणार असल्याचे केरळच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. अमिरातींच्या राजदूतांनी कोणतीही रक्कम निश्चित झालेली नसल्याचे नंतर स्पष्ट केले. आणि केंद्र सरकारने २००४ पासूनच्या धोरणाचा आधार घेऊन परदेशी सरकारांची मदत घेण्यास नकार दिला. वस्तुतः २०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन योजनेत भारत परदेशी मदतीचे आवाहन करणार नाही, परंतु एखाद्या देशाने सद्भावनेने देऊ केलेली मदत स्वीकारता येईल, अशी तरतूद होती. २०२१ च्या कोविड लाटेत ही सद्भावना चाळीसहून अधिक देशांकडून स्वीकारली गेली. त्या वेळीही पैशाचा तुटवडा नव्हता आणि प्राणवायूचे उत्पादनही होत होते. तुटवडा होता तो अतिथंड द्रवरूप प्राणवायू वाहून नेणाऱ्या टँकरांचा, आणि म्हणून हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावरून रिकामे टँकर हवाई दलाच्या विमानांनी ओडिशाला नेले गेले आणि सिंगापूरहून असेच कंटेनर आणले गेले. नेमकी वस्तू नेमक्या घडीला मिळणे हीच अशा वेळची खरी मदत असते, आणि ती घ्यायला श्रीमंत-गरीब हा भेद आड येऊ नये.

केरळच्या वादानंतरही एक गुंता सुटलेला नाही. परदेशी अंशदान (नियमन) कायदा, २०१० नुसार भारतीय नागरिकत्व राखलेल्या अनिवासी माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी मानली जात नाही, पण तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला की त्याची देणगी परदेशी ठरते आणि ती घेणाऱ्या निधीला या कायद्याखाली नोंदणी किंवा सूट लागते. पंतप्रधानांच्या नावाच्या पीएम केअर्स निधीला २०२० मध्ये सूट मिळाली. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीला २०२५ मध्ये नोंदणी मिळाली आणि असा हा देशातील पहिलाच राज्यनिधी असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. केरळला २०१८ मध्ये असा मार्ग खुला झाला नव्हता. ह्यूस्टन, डॅलस किंवा न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या तेलुगू आणि मराठी कुटुंबांत एकाच घरातले दोघे भाऊ निरनिराळ्या पासपोर्टांवर राहतात. मुसीला पुन्हा पूर आला तर त्यांपैकी एकाचे पैसे मुख्यमंत्री निधीत सरळ जमा होतील आणि दुसऱ्याचे पैसे त्या राज्याच्या निधीची नोंदणी झालेली आहे की नाही यावर अडून राहतील. नोंदणीचे निकष सर्व राज्यांना सारखे आणि आधीच जाहीर असावेत, आणि एखाद्या राज्याला ती मिळणे तेथे कोणत्या पक्षाचे सरकार आहे यावर अवलंबून राहू नये, ही केरळने मांडलेली तक्रार हैदराबादलाही आपली मानावी लागेल.